दुभाष्याची कुळकथा

इतिहासाच्या अध्यापकाकडे संगणकशास्त्राचा विद्यार्थी शंका घेऊन येतो, हा प्रसंग नित्याचा नव्हे. गेल्या पावसाळ्यांत आर्णी येथें तो आमच्यावर आला. अरुणावतीपलीकडच्या एका खेड्यांतून रोज एस्. टी. नें जा-ये करणारा हा मुलगा. त्यानें आपला जुना, दोनदां दुरुस्त केलेला संगणक आमच्या मेजावर उघडला आणि विचारलें, ‘सर, हें धामधेरे आडनांव आपल्याकडचें आहे काय?’ पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक यादी होती. आम्हीं चष्मा लावून ती वाचली आणि म्हणालों, ‘अरे, हें धामधेरे नव्हे, ढमढेरे. पुण्याकडचें तळेगांव ढमढेरे तूं ऐकलें नाहींस काय?’ रोमन लिपीनें आमच्या ‘ढ’ची जी दशा केली आहे तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु तें आडनांव ज्या संहितेच्या माथ्यावर होतें ती संहिता कोणती, हें त्या मुलानें सांगितलें तेव्हां आम्हांस खुर्ची जवळ ओढावी लागली. आणि पुढील चार महिने आमचीं नेहमींचीं पुस्तकें मिटून ठेवून आम्ही त्या संहितेच्या कुळकथेमागें लागलों. ती कथा येथें वाचकांपुढें ठेवतों.

इंग्रज वकील आणि मराठे मुत्सद्दी यांची बैठक भरे तेव्हां मध्यें एक दुभाषी बसे. दोन्ही पक्षांचा सगळा व्यवहार त्याच्या जिभेवरून जाई. परंतु तहनाम्याच्या इतिहासांत त्याचें नांव शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं. संगणकाच्या दरबारांत असाच एक दुभाषी आहे. यंत्रास शून्य आणि एक या दोन खुणांखेरीज कांहीं कळत नाहीं. मनुष्यास त्या खुणांत चार ओळी लिहिणेंही जिकिरीचें. म्हणून मनुष्यानें बेताच्या कृत्रिम भाषेंत आज्ञा लिहावी आणि तिचें यंत्रभाषेंत रूपांतर दुसऱ्याच एका आज्ञासंहितेनें करावें, अशी योजना झाली. या रूपांतर करणाऱ्या संहितेस कंपायलर म्हणतात. कोणी त्यास संकलक असा प्रतिशब्द योजतात. आम्हांस तो पसंत नाहीं, कारण संकलन करणारा गोळा करतो आणि हा तर उलगडून सांगतो. आम्ही त्यास दुभाषीच म्हणूं. मात्र हा दुभाषी साधा नव्हे. तो बोलणाऱ्याचें व्याकरण तपासतो, चुकल्यास अडवितो, आणि बोलणें लांबट असल्यास अर्थ न बदलतां आटोपशीर करून यंत्रापुढें मांडतो. या शेवटच्या गुणांतच त्याची खरी विद्या आहे.

या विद्येचा आरंभ अमेरिकेंत झाला. ग्रेस हॉपर या विदुषीनें १९५२ सालीं पहिला प्रयत्न केला. जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांनीं १९५७ सालीं फोर्ट्रान भाषेचा दुभाषी पुरा करून, यंत्रानें केलेलें भाषांतर माणसाच्या हातच्या कामाशीं टक्कर देऊं शकतें हें दाखविलें. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० सालीं चालूं झाला. म्हणजे काळाच्या दृष्टीनें आपण फार मागें नव्हतों. मागें पडलों तें अन्य कारणानें.

तें कारण सांगण्यासाठीं आम्हांस थोडें घराजवळ यावें लागेल. आमची आर्णी माहूरच्या वाटेवर आहे. माहूर, रिद्धपूर हीं महानुभावांचीं पूज्य स्थानें. त्या पंथानें तेराव्या-चौदाव्या शतकांत मराठी गद्याचा जो ठेवा निर्माण केला तो पुढें त्यांनींच सकळ लिपि नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवला. अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर योजावयाचें, आणि त्याची किल्ली पंथाबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, असा तो प्रकार. परचक्राच्या काळांत ग्रंथ वांचविण्यास तो उपयोगीं पडला असेल, परंतु परिणाम काय झाला? लीळाचरित्रासारखा ग्रंथ मराठींत आहे हें मराठी माणसास कित्येक शतकें ठाऊक नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९१० च्या सुमारास, राजवाड्यांनीं ती लिपि उलगडली. आमच्याच यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध केलें. आणि मग कोठें त्या पोथ्या सर्वांच्या झाल्या. पोथी नष्ट झालेली नव्हती, तिच्यावर कोणी बंदी घातलेली नव्हती. ती केवळ वाचतां येत नव्हती. तेवढ्यानें ती नसल्यासारखीच होती.

१९७० नंतरच्या दशकांत संगणकाच्या जगांत नेमकें हेंच घडूं लागलें. त्यापूर्वीं आज्ञासंहिता एकमेकांस देण्याघेण्याची विद्यापीठांतील रीत होती. पुढें कंपन्या मूळ संहिता आपल्याजवळ ठेवून केवळ यंत्रभाषेंतील रूप विकूं लागल्या. विकत घेणाऱ्याच्या हातीं सकळ लिपींतील पोथी येई. तिची पूजा करावी, ती वाचतां मात्र येऊं नये. मॅसॅच्युसेट्स येथील एका प्रयोगशाळेंत काम करणारा रिचर्ड स्टॉलमन यास ही गोष्ट सहन झाली नाहीं. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यानें ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त संहितासमूहाची घोषणा केली, आणि त्यांतील पहिल्या मोठ्या कामांपैकीं एक म्हणून सी भाषेचा दुभाषी लिहावयास घेतला. मार्च १९८७ मध्यें तो प्रसिद्ध झाला. त्यास जी. सी. सी. म्हणतात. तो कोणींही घ्यावा, वाचावा, बदलावा. मात्र बदललेला दुसऱ्यास देतांना मूळ संहिताही दिली पाहिजे, ही त्याची अट. १९९१ सालीं फिनलंडमध्यें जन्मलेली लिनक्स ही व्यवस्था याच दुभाष्याच्या आधारानें उभी राहिली. २०१९ च्या सुमारास त्याच्या संहितेचा विस्तार सुमारें दीड कोटी ओळींचा झालेला होता. विद्यार्थ्यानें आमच्यापुढें उघडलेली यादी त्याच संहितेंतील एका प्रकरणाच्या आरंभीं होती. हें प्रकरण लिहितांना कोणकोणते लेख पाहिले, त्यांची ती नोंद; आणि त्यांत ढमढेरे यांचे दोन लेख, एक १९८८ चा व दुसरा १९९१ चा.

धनंजय ढमढेरे हे मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. मध्यें संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचें कंपायलरच्या रचनेवरील पुस्तक १९८३ सालीं निघालें. परंतु त्या यादींतील लेखांचा विषय काय, हें समजून घेण्यास आम्हांस आठ दिवस लागले. तें वाचकांस आठ मिनिटांत समजावें म्हणून कापसाचा दाखला घेतों.

असें समजा कीं आर्णीच्या जिनिंगवर दोन वाटांनीं कापसाच्या गाड्या येतात. एका वाटेवर वजनकाटा आहे. त्या वाटेच्या गाड्या तोलून येतात. दुसऱ्या वाटेवर काटा नाहीं. फाटकाशीं कोणती गाडी कोठून आली हें पाहण्याची सोय नाहीं, म्हणून तेथें सरसकट सर्व गाड्या तोलतात. म्हणजे पहिल्या वाटेच्या गाड्या विनाकारण दोनदां तोलल्या जातात. उपाय काय? दुसऱ्या वाटेवरही एक काटा बसवावा आणि फाटकावरचा काढून टाकावा. प्रत्येक गाडी एकदांच तोलली जाईल. आज्ञासंहितेंत असेच फांटे असतात. एकच गणित कांहीं वाटांवर दोनदां घडतें. फ्रान्समधील मोरेल व रन्व्हॉइज या दोघांनीं १९७९ सालीं हा पुनरुक्तिदोष काढण्याची एक रीत मांडली. रीत देखणी, पण तिच्यांत दोन अडचणी होत्या. पहिली ही कीं, काटा कोठें बसवावा हें ठरविण्यासाठीं वाटेचा विचार पुढून मागें आणि मागून पुढें असा दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं करावा लागे, व त्यांत फार वेळ जाई. दुसरी अधिक नाजूक. समजा, काटा नसलेली ती वाट एका नाक्यावरून फुटते, आणि त्याच नाक्यावरून कांहीं गाड्या जिनिंगकडे न येतां माहूरच्या यात्रेस जातात. काटा नाक्यावर बसविला तर यात्रेच्या गाड्या उगाच तोलल्या जातील, तें अन्यायाचें. फाटकावर ठेवला तर जुना दोष कायम. या ठिकाणीं मूळ रीत हात टेकीत असे. ढमढेरे यांनीं १९८८ च्या लेखांत दाखविलें कीं काटा नाक्यावरही नको, फाटकावरही नको. दोहोंच्या मधल्या रस्त्यावरच बसवावा. ऐकल्यावर ‘एवढेंच काय?’ असें वाटतें. परंतु तसें केल्यानें दोन्ही बाजूंचा तो गुंतागुंतीचा विचारही पुष्कळ सोपा होतो, हें सिद्ध करणें एवढेंच नव्हतें. त्या सुमारास जर्मनींतील पंडितही याच प्रश्नावर काम करीत होते. त्यांचेंही नांव त्या यादींत आहे, आणि या विद्येंतील श्रेय अनेकांत वांटलें गेलेलें आहे हें आम्ही विसरत नाहीं. तरी पवईच्या डोंगराखालीं बसून लिहिलेला एक विचार जगाच्या दुभाष्याच्या कामांत उपयोगीं पडला आणि त्यानें तें नांव टिपून ठेवलें, ही गोष्ट घडली आहे. आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ती ठाऊक होती? आम्हांस नव्हती.

ढमढेरे यांचे शिष्य उदय खेडकर. गुरुशिष्यांचा एक संयुक्त लेख १९९४ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत या वाटांच्या विचाराचें सर्वसाधारण शास्त्र मांडलें आहे. खेडकरांनीं पुढें कांहीं वर्षें पुणें विद्यापीठांत शिकविलें, मग ते पवईस परतले. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनीं लिहिलेला या विषयावरील ग्रंथ २००९ सालीं परदेशांत प्रसिद्ध झाला. परंतु आमच्या दृष्टीनें त्यांचें अधिक मोलाचें काम निराळें आहे. जी. सी. सी. ही संहिता सर्वांस उघडी असली तरी ती वाचणें सोपें नव्हे. दार उघडें, पण आंत अंधार. शेंकडों हातांनीं, अनेक वर्षांत, डागडुजी करीत वाढविलेला तो वाडा. कोठला जिना कोठें जातो हें जुन्या रहिवाशांसच ठाऊक. खेडकर आणि त्यांचे सहकारी यांनीं भारत सरकारच्या साहाय्यानें पवईस एक जी. सी. सी. केंद्र चालविलें, आणि देशभरच्या अध्यापकांस व विद्यार्थ्यांस बोलावून त्या वाड्याचा नकाशा समजावून देणारे वर्ग घेतले. दीड कोटी ओळींतील कोणत्या कल्पना मुळाच्या आणि कोणत्या फांद्यांच्या, हें त्यांनीं वेगळें करून सांगितलें. पोथी देवनागरींत छापणें निराळें आणि तिच्यावर टीप लिहिणें निराळें. दुसऱ्यावांचून पहिलें अर्धेंच राहतें.

येथें एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. १९६७ सालीं इंगरमन या अमेरिकन संगणकज्ञानें सुचविलें कीं कृत्रिम भाषांचें व्याकरण लिहिण्याच्या बॅकसच्या पद्धतीस पाणिनीचेंही नांव जोडावें. तेव्हांपासून आमच्या व्याख्यानमालांतून या सूचनेचा जयजयकार चालूं आहे. पाणिनि थोर, यांत वाद नाहीं. पण त्याची सुमारें चार हजार सूत्रें आज जिवंत आहेत तीं केवळ त्याच्या प्रतिभेमुळें नव्हेत. कात्यायनानें एकेक सूत्र घेऊन ‘येथें हें राहिलें, येथें हें जास्त झालें’ असें वार्तिकांत दाखविलें. पतंजलीनें महाभाष्यांत त्या प्रत्येक दुरुस्तीची पुन्हा तपासणी केली, कांहीं स्वीकारल्या, कांहीं अनावश्यक ठरविल्या. परंपरेनें तर तिघांत मतभेद असल्यास नंतरच्याचें प्रमाण अधिक मानलें. डागडुजी करणाऱ्यास मूळ कर्त्याच्या वर बसविणारी ही परंपरा आहे. आम्ही पाणिनीचा उत्सव करतों आणि कात्यायनाचें काम करावयास कोणी तयार नसतो.

जी. सी. सी. चा इतिहास हा मुख्यतः कात्यायनांचा इतिहास आहे. १९९७ पर्यंत अशी स्थिति आली होती कीं दुरुस्त्या येऊन पडत, परंतु मूळ संहितेंत त्यांचा समावेश होण्यास फार विलंब लागे. दरवाजाशीं बसलेले थोडे, आणि ते फार सावध. तेव्हां कांहीं जणांनीं त्याच संहितेची दुसरी शाखा काढून एग्ज या नांवानें स्वतंत्र चूल मांडली. आपल्याकडे असें झालें असतें तर दोन पंथ होऊन पुढील तीनशें वर्षें एकमेकांचें पाणी चाललें नसतें. तेथें निराळें झालें. नवी शाखा सरस ठरली, आणि एप्रिल १९९९ मध्यें मूळ संस्थेनें तीच अधिकृत जी. सी. सी. म्हणून स्वीकारली. परवान्याच्या अटीमुळेंच हें शक्य झालें. कोणासही संहिता दडवून ठेवतां येत नव्हती.

त्यानंतरचीं कामें सांगावयाचीं तर बहुतेक सर्व घरदुरुस्तीचीं. २००५ सालीं दुभाष्याच्या अंतर्गत विचाराची भाषाच पालटली. २०१३ च्या आवृत्तीपासून स्वतःची संहिता सी प्लस प्लस भाषेंत लिहिण्यास त्यानें आरंभ केला. २०२१ पर्यंत भरीव दुरुस्ती देणाऱ्यास आपला स्वामित्वहक्क कागदोपत्रीं मूळ संस्थेस लिहून द्यावा लागे. त्या वर्षीं ती सक्ती उठली. दरसाल एक मोठी आवृत्ति निघते. कांहीं शाखा गळूनही पडतात: एखाद्या जुन्या यंत्राची बोली राखण्यास माणूस उरला नाहीं, कीं आधीं सूचना देतात, वर्षभर वाट पाहतात आणि मग ती बोली काढून टाकतात. हें वाचून आम्हांस आमच्या भागांतील कोलामी बोलीची आठवण झाली. पण तो विषय येथें नको. दुरुस्ती करणारे आज पुष्कळसे मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत, केवळ हौशी नव्हेत, हेंही सांगितलें पाहिजे. शिवाय प्रतिस्पर्धी आहे. इलिनॉय विद्यापीठांत २००० सालीं ख्रिस लॅटनर व विक्रम आडवे यांनीं आरंभिलेला एल. एल. व्ही. एम. हा संच, आडवेही मूळचे पवईचेच विद्यार्थी. त्याचा परवाना सैल असल्यामुळें कंपन्यांस तो सोयीचा वाटतो. आम्हांस विचाराल तर जुन्या अटीची करडेपणा असलेली बाजूच आमच्या मनास पटते. सकळ लिपीचा अनुभव आमच्या प्रांतानें घेतला आहे. परंतु या स्पर्धेनें जी. सी. सी. स जाग आली, तिच्या चूकसूचना स्पष्ट झाल्या, हेंही खरें.

आतां या दुभाष्याच्या जन्माचा एक चमत्कारिक भाग सांगतों. दुभाषी स्वतःही एक आज्ञासंहिताच. मग तिचें भाषांतर कोण करणार? दुसरा, आधींचा दुभाषी. म्हणून जी. सी. सी. तीन फेऱ्यांनीं घडवितात. यंत्रावर असलेल्या जुन्या दुभाष्याकडून नव्याचें पहिलें रूप करवून घेतात, तें पहिलें रूप त्याच संहितेपासून दुसरें रूप घडवितें, दुसरें तिसऱ्यास. शेवटीं दुसरें आणि तिसरें ताडून पाहतात. दोन्ही हुबेहूब जुळलीं तरच दुभाषी विश्वासास पात्र. पण पूर्ण विश्वासास? केन थॉम्पसन यानें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानांत दाखविलें कीं पिढ्यांमागच्या एखाद्या दुभाष्यांत कोणी कपट शिकवून ठेविलें असेल, तर तो आपल्या मुलास, मुलगा नातवास तें शिकवीत राहील, आणि आजच्या संहितेंत त्याचा मागमूसही दिसणार नाहीं. बखरीची अस्सल प्रत हरवली आणि नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे आम्हां इतिहासवाल्यांस जी भीति वाटते तीच ही. उपाय दोन्हींकडे सारखाच: निरनिराळ्या घराण्यांच्या प्रति जमवाव्या आणि ताडून पाहाव्या. एका दुभाष्याच्या कामाची साक्ष दुसऱ्या कुळांतील दुभाष्याकडून काढण्याची रीत आतां तेथेंही रूढ होत आहे.

एक कबुली देणें प्राप्त आहे. ज्या महाविद्यालयांत आम्ही पूर्वीं होतों तेथें कित्येक वर्षें मुलांस सी भाषा एका जुन्या, बंद संहितेच्या दुभाष्यावर शिकवीत. त्याची निळी चौकट पुष्कळ पदवीधरांच्या स्मरणांत असेल. तो घडविणाऱ्यांनीं तो केव्हांच टाकून दिला होता. मुक्त, जिवंत, नित्य सुधारत असलेला दुभाषी फुकट उपलब्ध असतां आम्ही मेलेल्याची पूजा चालविली, कारण प्रात्यक्षिकाची वही त्याच्यावर बेतलेली होती. प्राध्यापक मंडळाच्या बैठकींत हा प्रश्न एकदां निघाला तेव्हां आम्हीं ‘आपला विषय नव्हे’ म्हणून हात वर केला नाहीं. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांची संख्या आम्ही कधीं मोजली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें ती यादी कां उघडली होती, हें सांगावयाचें राहिलें. त्यास एका चूकसूचनेची वाक्यरचना संदिग्ध वाटली. ती कोणीं लिहिली हें शोधतां शोधतां तो संहितेंत शिरला व वाट चुकून ढमढेऱ्यांपाशीं पोंचला. मग त्यानें ती सूचना सुधारून पाठविली. चार दिवसांनीं परदेशांतून उत्तर आलें: कल्पना ठीक आहे, परंतु सोबत चांचणी नाहीं, ओळी नियमापेक्षां लांब आहेत, आणि बदल केल्यावर तिन्ही फेऱ्या पुऱ्या केल्याचें तुम्हीं लिहिलेलें नाहीं. मुलगा थोडा हिरमुसला. आम्हीं त्यास कात्यायन-पतंजलींची गोष्ट सांगितली. तिचा फारसा उपयोग झाला असें दिसलें नाहीं. ‘सर, तिन्ही फेऱ्यांस माझ्या मशिनीवर आठ-नऊ तास लागतात,’ तो म्हणाला, ‘आणि गांवांत तेवढी सलग वीज कोठें असते?’

तेव्हां ठरलें कीं हें काम आमच्या घरीं करावें. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. काल सायंकाळीं त्यानें यंत्र दिवाणखान्यांत लावलें. रात्रीं साडेदहाला वीज गेली, पहांटे दोनला आली. हा लेख लिहितांना पडद्यावर अक्षरें धांवत आहेत, मुलगा खुर्चींतच झोंपी गेला आहे, आणि दुसरी फेरी संपून तिसरी नुकती सुरू झाली आहे.